सव्वीस पूर्णांक सात

मिंगेल बार्रेटोची लेन्स माझ्याकडे आली
ती तांदळाच्या डब्यातून.
बुरशी धरू नये म्हणून ऑर्लांडीनाबाईंनी
नवरा गेल्यापासून नऊ पावसाळे
तिला उकड्या तांदळात पुरून ठेवली होती.
दर नाताळात तांदूळ बदलले,
जुने कोंबड्यांना घातले.

पूर्व जर्मनीची. वजनाला देवळाच्या कुलपाएवढी.
मी कुडचड्याला पासपोर्ट फोटो काढते,
बारशी, साखरपुडे,
आणि पेपरात दर वर्षी छापायचे मेलेल्यांचे चेहरे
जुन्या ग्रुप फोटोंतून कापून देते.
असली लेन्स मी हातात धरलेली नव्हती.

माझ्या कॅमेऱ्यात आरसा नाही.
आधीच्यांत असायचा, बटण दाबलं की फटकन वर उडायचा,
त्या उडण्यापुरती जागा सोडावी लागायची.
आरसा गेला, तशी जागाही गेली.
जुन्या लेन्सला मात्र ती अजून हवी असते,
तेवढं अंतर राखल्याशिवाय
तिला समोरचं काहीच नीट दिसत नाही.

मग मध्ये अडॅप्टर लागतो. एक कडं.
आत काच नाही, तार नाही.
मागवलं ते आलं दुसऱ्याच जातीचं, बसेना.
म्हणून सावर्ड्याला गेले, उमाकांत चारीकडे.
खाणी चालू होत्या तेव्हा तो रात्री दोनलाही
ट्रकांना पिना घडवून द्यायचा.
आता लेथच्या पत्र्यावर मांजर झोपतं.

व्हर्निअर डोळ्याजवळ नेऊन तो म्हणाला,
सव्वीस पूर्णांक सात.
आणि आत काय बसवायचं?
काही नाही.
म्हणजे पोकळी बनवायची?
हो, पण मापात.

पहिलं कडं केसभर जाड झालं.
लेन्सवर आडवा आठ कोरलेला असतो, अनंताचा,
तिथवर फिरवलं तरी चंद्रनाथाचा डोंगर
ओल्या कापसासारखाच.
त्याने मांजर उठवलं, पुन्हा लेथ लावला.
आता अनंत लागलं,
आणि लेन्स त्याच्याही थोडी पुढे गेली.
पुढे काय आहे? उमाकांतने विचारलं.
परत सगळं धूसर, मी म्हटलं.
तो हसला, बिअरचा रिकामा डबा कापून
पत्र्याच्या दोन पट्ट्या आत बसवल्या.
पैसे नको म्हणाला. आठ फोटो दे,
पांढऱ्या पडद्यावरचे. कुवेतचा फॉर्म भरायचाय.

कॅमेरा म्हणाला: लेन्स जोडलेली नाही.
मी म्हटलं, असू दे.

ऑर्लांडीनाबाई रविवारी आल्या, मिसा संपल्यावर,
निळ्या ठिपक्यांच्या फ्रॉकात.
मी काही सांगायच्या आत डावा खांदा पुढे केला.
फोकस हातानेच लावायचा होता.
कड्याच्या आत चाळीस वर्षांचं ग्रीस वाळलेलं,
फिरवलं की कर्रर्र करतं,
ते मला ऐकूही आलं नसतं,
पण त्यांनी मान वर केली.
थांब, म्हणाल्या. आतां तो म्हणटालो,
स्वास सोड.
आणि त्यांनी श्वास सोडला.
मी दाबलं.

फाईल उघडून पाहिली.
तारीख आहे, वेळ आहे, कॅमेऱ्याचं नाव आहे.
लेन्सच्या जागी एक आडवी रेघ.
छिद्र: शून्य.

डबा माझ्याकडेच ठेवून गेल्या.
नाताळात तांदूळ बदल, जिन्यातून ओरडल्या,
आणि सुरय नको, त्याला वास येतो.

उमाकांतचे आठही मी हौसेने त्याच लेन्सने काढले.
कुवेतवाल्यांनी परत पाठवले:
कडा मऊ आहेत, कान स्पष्ट दिसत नाहीत.
सात त्याने टेबलावर ठेवले, एक खिशात घातला.
ह्यात मी बापासारखा दिसतो, म्हणाला,
आणि आता नीट काढ म्हणत
स्टुलावर जाऊन बसला.